जेवल्यावरचं माप

लीलाआत्या रिकाम्या पोटी माप घेत नाही. रिकामं पोट म्हणजे तिचं नव्हे, गिऱ्हाइकाचं.

ती सगळ्या बाजारपेठेचीच आत्या, माझी सख्खी नव्हे. महाडच्या बाजारपेठेत तिचं 'सौभाग्य लेडीज टेलर' आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि आत्याच्या आवाजापुढे ती भिंत नावालाच आहे. कुणी तिच्या पायरीवर पाऊल ठेवलं की पुढचं सगळं मला पाठ असतं.

"जेवलीस काय गो?"

"नाय. घरी जाऊन जेवणार."

"मंग बस. आधी जेव, मग बघू."

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहते. तिथून ताटली येते. कधी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, कधी नुसतंच कुळथाचं पिठलं-भात. गिऱ्हाईक जेवतं, पाणी पितं, आणि मगच आत्याच्या गळ्यातली टेप खाली उतरते. टेप पोटाशी आली की बायका सवयीने श्वास आत ओढतात. आत्या टेप तशीच धरून थांबते. "सोड. सगळा सोड. तू जेवढी हायस तेवढी दिस."

यामागे तिचं शास्त्र आहे. नवरी लग्नाच्या दिवशी सकाळपासून उपाशी असते, तेव्हा ब्लाऊज झकास बसतो. मग पंगत होते, जिलेबी होते, आणि रिसेप्शनला उभी राहिल्यावर पाठीचा हुक तुटतो तो थेट नवऱ्याच्या मामाच्या डोळ्यात जातो. असा मामा खरोखर होता का, हे मी तिला विचारलेलं आहे. तिने मामाचं गावही सांगितलं. दर वेळी वेगळं.

एकदा बिरवाडीची एक मुलगी, एमआयडीसीत कामाला असलेली, सुट्टी काढून आली. नेमकी संकष्टी. आत्याने तिला परत पाठवलं. उपासाचं माप खोटं, म्हणाली. बिचारी दुसऱ्या दिवशी दोन चपात्या खाऊन आली, तर आत्या म्हणते, "दोनच?"

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, अवयव राहतात. आणि प्रत्येक अवयवाला तिने स्वभाव दिलेला आहे. समोरच्या किराणावाल्याच्या बायकोचा खांदा लबाड आहे. एका मुख्याध्यापिकेची कंबर रुसकी. माझ्या बायकोचा दंड प्रेमळ आहे, पण मान संशयी आहे. हे ती त्या त्या माणसाच्या तोंडावर सांगते आणि कुणालाही राग येत नाही, कारण तिने शिवलेला ब्लाऊज अंगात घातला की लबाड खांदासुद्धा सज्जन दिसतो.

आणि वर ते आरी वर्क. खिडकीशी लाकडी चौकट मांडलेली, तिच्यावर कापड ताणलेलं, हातात ती आकडीसारखी सुई. आत्याने ही कला मुंबईत, नवऱ्याची नोकरी होती तेव्हा चाळीशेजारच्या कारखान्यात उचलली. हल्ली लग्नाच्या ब्लाऊजवर आरी वर्क नसेल तर लग्नच लागत नाही अशी परिस्थिती असल्यामुळे तिच्या चौकटीवर कायम कुणाच्या तरी बाहीवर मोर नाचत असतो. नम्रता हा गुण तिच्याकडे नाही. कुठलंही अवघड काम आलं की ती ते दोन बोटांत धरते, लांब करून बघते आणि म्हणते, "हे काय मोठं!"

हेच वाक्य तिने भागाबाईसमोर उच्चारलं आणि सगळं सुरू झालं.

भागाबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीत राहते. नवरा, म्हशी, थोडी शेती, आणि एक मुलगा, संदीप, जो सिंगापूरला जहाजांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मे महिन्याच्या शेवटी ती एसटीने महाडला आली, आत्याकडे जेवली, आणि मग हळूच पिशवीतून मोबाइल काढला.

"पोराचं लगीन ठरलंय," ती म्हणाली. "पोरगी तिकडची हाय. चिनी. यामिनी नाव."

मी भिंतीपलीकडून ऐकत होतो तो उठून आलोच. मुलीचं नाव हुई मिन होतं. भागाबाईने ते ऐकताक्षणी यामिनी करून टाकलं होतं आणि मुलीने ते मान्यही केलं होतं.

"आमच्यात नवरीचं लुगडं नवऱ्याकडनं जातं," भागाबाई म्हणाली. "शालू तर मी घेणारच. पण त्यांच्यात लग्नाला पोरगी हे घालते. ह्येच घालून ती आईबापाला, सासूसासऱ्याला चाय देते. मी संदीपला सांगितलं, मंग तेबी आपल्याकडनंच जाईल."

फोटोत लाल रेशमाचा, अंगालगत बसलेला, पायघोळ झगा होता. उभी कॉलर, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी गेलेली पट्टी, तिच्यावर कापडाच्या गाठींची बटणं, बाजूला चीर आणि अंगभर भरतकाम. मी गूगलवर बघून नाव सांगितलं, चाँगसाम.

"चांगसं?" आत्या म्हणाली.

"चाँगसाम."

"तेच ते. चांगसं." तिने फोटो बोटांनी मोठा केला, लांब धरला. "हे काय मोठं! तिरकी पट्टी बाळाच्या झबल्याला असते. ही बटणं म्हणजे अंगरख्याची घुंडी. राहिली कॉलर. ती बघून घेऊ."

भागाबाईचा जीव भांड्यात पडला नाही. ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "विहीण येणार हाय लग्नाला. एकुलती पोर हाय तिची. तिच्या मनात नव्हतं हे लगीन, संदीपच सांगत होता. तिला असं नको वाटायला, की माझी पोर कुठल्या डोंगरात नेऊन टाकली. कळलं ना?"

आत्याने टेप गळ्यात टाकली. "पोरीला जेवायला घेऊन ये."

"अगं, ती सिंगापुरात आहे," मी म्हणालो.

"मंग फोनवर जेवू दे."

आणि खरोखरच पुढच्या रविवारी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे संदीप दुभाष्या, आणि त्याच्या शेजारी वाडग्यातल्या नूडल्स घेऊन बसलेली हुई मिन. हसरी, उंच, किडकिडीत. आपलं जेवण कुणी एवढ्या गंभीरपणे बघेल अशी तिला कल्पना नसावी. आत्या स्क्रीनला नाक लावून बसली होती.

"काड्यांनी खाते? पोट भरायला संध्याकाळ होईल. तिला सांग, हातानं जेव."

हे संदीपने भाषांतरित केलं नाही. पण पाचेक मिनिटांत आत्याचा सूर बदलला. "एक शेव खाली पडली नाय रे! काय बोटं हायत! महाडात असती तर आरी शिकवली असती हिला." मग लगेच, "अजून घ्यायला सांग. लाजतेय ती."

हुई मिनने अजून घेतलं. मग स्वतःच पोटावर थाप मारून दाखवली, तेव्हा आत्या अशी हसली की समोरचा किराणावाला बाहेर आला. तिकडे तिच्या एका मैत्रिणीने मापं घेतली, मी लिहून घेतली, पण आत्याला आकड्यांत रस नव्हता. तिने त्या मुलीला खोलीभर चालायला लावलं, वळायला लावलं, खाली बसून उठायला लावलं. शेवटी निकाल दिला.

"गळा मानी हाय. कॉलर शोभणार हिला. पाठ जरा घाबरट हाय, पण लग्नानंतर सुधारंल."

यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले फार प्रतिष्ठेचे होते असं म्हणता येणार नाही. माझा बारीकपणा हा आमच्या घरात जुना चिंतेचा विषय आहे. आत्याने माझी मापं घेतली, अर्थात जेवल्यावर, आणि ती मुलीच्या मापांशी जवळजवळ जुळली. छातीला कापसाचा बंदोबस्त करण्यात आला. मांजरपाटाचे नमुने माझ्या अंगावर चढू लागले.

पहिली कॉलर बादलीच्या तोंडासारखी गळ्याभोवती लांब उभी राहिली. दुसरीने माझा आवाज बंद केला. तिसरी घालून मी उभा असतानाच नात्याचे एक वयस्कर गृहस्थ सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले. आता गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं? मी त्या झग्यातच, चिरेतून लेंगा दाखवत, मशीनपाशी गेलो आणि कागद काढून दिला. त्यांनी काही विचारलं नाही. पायरी उतरल्यावर मात्र वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "घरी सगळं बरं हाय ना?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी पाचाडला पोचली होती. तिथून माझ्या मेहुण्याचा फोन आला.

कॉलर चौथ्या की पाचव्या खेपेला बसली. आत्याने आतून कडक कापडाचा थर असा काही वळवून घातला, की मान हलली की कॉलर बरोबर हलायची. त्या दिवशी तिने आख्ख्या गल्लीला घावणे वाटले.

मग चिरेवरून रण पेटलं. भागाबाई म्हणे, चीर बंद करा, वाडीतली माणसं काय म्हणतील.

"मंग चालंल कशी ती? उड्या मारत?"

"घोट्यापर्यंत ठेवा नायतर."

"घोट्यापर्यंत चीर म्हणजे दारात अडकलेला पडदा दिसंल गो!"

दोघी तावातावाने भांडल्या, मध्ये चहा प्यायल्या आणि पुन्हा भांडल्या. शेवटी मी हुई मिनलाच फोन लावला. तिने सांगितलं, चहा देताना गुडघ्यांवर बसावं लागतं, तेवढं जमलं पाहिजे. चीर गुडघ्यापर्यंत ठरली. भागाबाई लगेच गप्प झाली. सून वाकून नमस्कार करणार असेल तर चिरेला तिची हरकत नव्हती.

खरी अडचण भरतकामाची होती. फोटोतल्या झग्यावर मोठमोठी, पाकळ्यांनी गच्च भरलेली कुठलीशी चिनी फुलं होती. आत्या हटून बसली. "हातात धरलेलं नाय ते फूल मी काढत नाय."

"फोटो आहे की."

"फोटोला वास येतो? देठ किती लवतो ते कळतं?"

"मग हिच्या देशात कुठलं फूल असतं ते विचार," मी वैतागून म्हणालो, आणि संदीपने कळवलं की सिंगापूरचं फूल म्हणजे ऑर्किड. फोटो आले. भागाबाईने चष्मा नसताना डोळे बारीक करून स्क्रीन पाहिली आणि एकदम म्हणाली, "ही तर सीतेची वेणी!"

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. पानात गुंडाळलेली, पाणी शिंपडलेली, झाडाच्या फांदीवर उगवणारी ती फुलांची लड तिने आत्याच्या मांडीवर ठेवली. पांढरी-जांभळी, एकाला एक लागून खाली लोंबणारी नाजूक फुलं. वाडीच्या वरच्या रानात पावसाच्या पहिल्या महिन्यात ती फुलतात. अगदी सिंगापूरचंच फूल नव्हे, पण भावकीतलं.

आत्या एकेक फूल नखाने उलटून बघत बसली. मग "हे काय मोठं" इतक्या हळू म्हणाली की मला ते भिंतीपलीकडून ऐकूच आलं नसतं.

पावसाळा सरला, गणपती झाले, दिवाळी आली. चौकटीवरच्या लाल रेशमावर सीतेची वेणी उतरत राहिली. गळ्याच्या तिरक्या पट्टीवरून सुरू झालेली, छातीवरून कमरेकडे वळलेली, गुडघ्यापाशी शेवटच्या कळ्यांत संपलेली. बाजारात आलेली बाई दुकानात डोकावून गेल्याशिवाय राहत नव्हती. आत्या कुणालाही हात लावू देत नव्हती, पण बघायला मात्र सगळ्यांना बोलवत होती. "बघ, बघ. असं मुंबईतपण नाय मिळायचं."

तुळशीचं लग्न झालं आणि मंडळी आली. मुंबईहून पोलादपूरला जाताना वाटेत महाड, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच गाडी आमच्या दारात थांबली. संदीप, हुई मिन, आणि तिची आई. भागाबाई आधीपासूनच येऊन बसली होती.

विहीणबाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांनी दुकान पाहिलं, जुनी मशीन पाहिली, भिंतीला टेकून ठेवलेली चौकट पाहिली. हसल्या नाहीत. आत्याने घावण्यांची ताटली पुढे केली, ती त्यांनी मान लववून नाकारली. आत्याला जेवायला नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. हुई मिन मात्र पोटभर जेवली आणि आत जाऊन चाँगसाम घालून बाहेर आली.

मी कपड्यांतला जाणकार नाही, पण जे दिसलं ते सांगतो.  कापड त्या मुलीच्या अंगावर ओतल्यासारखं बसलं होतं. मान वळली की कॉलर वळत होती. तिने पाऊल टाकलं की ती फुलांची लड वाऱ्यावर हलल्यासारखी वाटायची. भागाबाईने तोंडाला पदर लावला. विहीणबाई उठल्या, मुलीभोवती एक फेरी मारली, कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं, खालची किनार उलटून आतली शिवण तपासली.

"बाई कामाची हाय," आत्या मला म्हणाली.

मग विहीणबाईंनी मुलीला काहीतरी सांगितलं. हुई मिनने दोन्ही हातांत कप धरल्यासारखे हात जोडले आणि समोर, वर उचलले.

काखेतली शिवण ताणली. आख्खा पुढचा भाग वर चढला, कॉलर हनुवटीला लागली, आणि कुठेतरी टप्पकन एक टाका तुटला.

 विहीणबाई हलक्या आवाजात बोलल्या. संदीपने मान खाली घालून भाषांतर केलं. "आई म्हणतायत, खूप सुंदर झालंय. पण चहा दोन्ही हातांनीच द्यावा लागतो. त्यांनी घरून एक आणलंय, बॅगेत आहे. उद्या तेच घालू म्हणतायत. कुणाचा दोष नाही."

भागाबाई पायरीवर जाऊन बसली, बाजाराकडे तोंड करून.

आत्याने त्या मुलीच्या हातात स्टीलचा पेला दिला. "परत कर."

हुई मिनने परत हात उचलले. आत्या खाली बसून काखेखाली बघत राहिली.

"ती चालली, वळली, बसली, हसली, सगळं बघितलं मी," आत्या म्हणाली. "हात उचललेले नाय बघितले. तुझ्या अंगावर घालून बघितलं, तर तूपण मेल्या नुसता झेरॉक्स काढत उभा." क्षणभर तिचा चेहरा पडला. मग तिने पायरीकडे तोंड करून हाक मारली. "भागाबाई! तुझा दादला गवताचा भारा डोक्यावर घेतो तेव्हा त्याचा सदरा वर चढतो?"

"नाय," भागाबाई मागे न बघता म्हणाली.

"का नाय चढत?"

भागाबाई वळली. "चौबगला असतो ना त्याला."

जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे हात कितीही वर गेला तरी सदरा जागचा हलत नाही. आत्याने लाल रेशमाचा उरलेला तुकडा शोधून काढला, कात्री घेतली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या चाँगसामच्या दोन्ही काखा उसवल्या. हुई मिनने डोळे मिटून घेतले. मी पण.

"तुम्ही जा पोलादपूरला," आत्या म्हणाली. "दुपारी पाठवते."

सगळे गाडीकडे निघाले. विहीणबाई निघाल्या नाहीत. त्या स्टुलावर बसून राहिल्या. मुलीने हाक मारली, त्यांनी हाताने जा म्हणून सांगितलं. मग तिला आणि संदीपला भागाबाईबरोबर पुढे पाठवून दिलं, आणि गाडी परत यायची ठरली.

आत्याने पुन्हा ताटली पुढे केली. घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. या वेळी विहीणबाईंनी घेतली. एक घावण खाल्लं. मग दुसरं. मग त्यांनी रिकामी ताटली स्वतःच पुढे केली, तेव्हा आत्याने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

जेवून हात धुतल्यावर विहीणबाईंनी टेबलावरच्या टाचण्यांच्या उशीतली एक सुई उचलली, उजेडाकडे धरून दोरा ओवला आणि दुसरी काख हातात घेतली. आत्याचा हात थांबला. कामाला हात लावलेला तिला खपत नाही. ती त्यांचे पहिले चार टाके बघत राहिली, मग कापड त्यांच्या बाजूला सरकवलं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला त्याखेरीज काही येत नव्हतं, पण दुपारपर्यंत त्या दोघी बोलतच होत्या. आत्या आपल्या भाषेत, त्या त्यांच्या भाषेत. मध्येच दोघी हसल्या, ते कशावर, मला कळलं नाही.

गाडी परत आली ती हुई मिनला घेऊनच. तिने चाँगसाम घातला, गुडघे टेकले, पेला दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर उचलला. कॉलर जागच्या जागी. फुलांची लड जागच्या जागी. विहीणबाईंनी खाली वाकून दोन्ही काखा पाहिल्या आणि आत्याकडे पाहून अंगठा वर केला. कुठली काख कुणी शिवली, हे मला आजही सांगता येणार नाही. बॅगेतला दुसरा चाँगसाम बॅगेतच राहिला.

लग्न पोलादपूरच्या मंगल कार्यालयात झालं. सकाळी शालू, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं आपलं. पंगती उठल्या आणि दुपारी चहाची तयारी सुरू झाली. मी सकाळपासून तिथेच होतो. नवरीच्या खोलीतून अचानक निरोप आला, घुंड्या लागत नाहीत. नव्या गाठी, घट्ट पिळाच्या, आदल्या दिवशी आत्यानेच लावलेल्या, आज कुणाच्या बोटांना दाद देईनात. विहीणबाई एकच शब्द म्हणत होत्या, "लीला. लीला."

मी आत्याला फोन केला. "तूच लाव की," ती म्हणाली. "मला काम हाय इथं." पण गाडी तिच्या दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

ती कार्यालयात शिरली ती मागच्या, भटारखान्याच्या दाराने. खोलीत गेली, घुंड्या लावल्या. थोड्या वेळाने नवरी बाहेर आली.

काय सांगू तुम्हाला! आख्खं कार्यालय उभं राहिलं. वाडीतली माणसं, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळ्यांचे मोबाइल वर. "सीतेची वेणी रे!" एक म्हातारी ओरडली, आणि मग सगळ्यांनाच ती दिसली. भागाबाई मांडवभर फिरून सांगत होती, "आमच्याकडनं हाय ते! महाडात शिवलंय!" चिरेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हुई मिन आणि संदीप गुडघ्यांवर बसले आणि एकेका वडीलधाऱ्याला छोट्या कपातून चहा देऊ लागले. संदीपच्या काकांनी तो एका घोटात संपवला, कपाच्या तळाशी बघितलं आणि म्हणाले, "एवढाच?" विहीणबाई हसल्या. पोलादपूरला आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसायला लागल्या तशा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात त्यांनी मागे वळून पाहिलं. आत्या भटारखान्याच्या दाराकडे निघाली होती. विहीणबाई उठल्या, सरळ जाऊन तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत पुढच्या रांगेत आणलं, वडीलधाऱ्यांच्या खुर्च्यांपाशी.

"अहो, नको, मला नको," आत्या म्हणत होती. 

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत मी लीलाआत्याला कुठल्याही लग्नात पाहिलेलं नव्हतं. महाडपासून पोलादपूरपर्यंत कितीक नवऱ्या तिच्या हातचं अंगावर घालून बोहल्यावर चढल्या, आणि ती त्यातल्या एकीच्याही मांडवात उभी राहिली नव्हती. आई एकदा बोलली होती, ते आता आठवलं. आत्याचा नवरा तरुणपणीच गेला. पुढे सख्ख्या भाचीच्या लग्नात, तिनेच शिवलेला कपडा भाचीच्या अंगावर असताना, हळदीच्या वेळी कुणीतरी तिला म्हणालं होतं, तू जरा मागं थांब.

विहीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की ही बाई वयाने मोठी आहे आणि उभी आहे. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं. भागाबाईने नुसतं वळून त्या दिशेला बघितलं आणि कुजबुज बंद झाली.

"बसा आत्या," भागाबाई म्हणाली. "घरचं कार्य हाय."

हुई मिन आत्यासमोर गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात वर केले, कप पुढे धरला आणि संदीपने शिकवलेलं एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "आ-त्या, चहा घ्या."

आत्याने पदराला हात पुसले. तिने कप घेतला आणि तळापर्यंत प्यायली. "दूध नाय, साखर नाय," ती पुटपुटली आणि मग त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली.

परतताना आम्ही दोघेच गाडीत होतो. मी बडबडत होतो, कोण काय म्हणालं, कुणी किती फोटो काढले, आणि आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, तिला झोप लागली.

"परवा पाचाडच्या पोरीचं लगीन हाय ना रे?" ती एकदम म्हणाली.

"हो. तूच शिवलायस ना तिचा ब्लाऊज."

"मुहूर्त कधीचा हाय?"

"पत्रिका बघायला लागेल. तुलाही आली असेल की."

"येते," आत्या म्हणाली. "सगळ्यांच्याच येतात."

गाडी महाडच्या जवळ आली. तिने पदर नीट केला, खिडकीची काच वर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाताना मला हाक मार."